लवकर फुलणारी काटक क्लेमॅटिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लेमॅटिस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर ताटलीएवढ्या जांभळ्या फुलांची वेल येते. लोक हौसेने तीच आधी लावतात, एक दिवस ती उभ्या उभ्या सुकते आणि मग "हे आपल्याच्यानं होणार नाही" म्हणून क्लेमॅटिसचा नादच सोडून देतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण याच घराण्यात छोट्या घंटेसारख्या फुलांच्या काही वेली आहेत ज्या कडाक्याची थंडी सोसतात, वसंत सुरू झाला की सगळ्यांच्या आधी फुलतात आणि तुमच्याकडून फार काही मागत नाहीत. त्यांच्याबद्दल मला तेच तेच प्रश्न विचारले जातात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

नक्की कुठल्या क्लेमॅटिसबद्दल बोलतोय आपण?

मुख्य दोन, अल्पिना आणि मॅक्रोपेटाला, आणि त्यांची जवळची भावंडं म्हणजे कोरियाना, सिबिरिका वगैरे. या सगळ्यांना मिळून अ‍ॅट्राजीन गट म्हणतात. लिनियसने 1753 मध्ये अल्पिनाला नाव दिलं तेच मुळी अ‍ॅट्राजीन अल्पिना असं होतं, ती क्लेमॅटिसमध्ये नंतर आली, पण बागकाम करणाऱ्यांच्या तोंडी हा जुना शब्द अजून आहे. अल्पिना मूळची युरोपातल्या डोंगरांमधली, आल्प्स, कार्पेथियन वगैरे. तिथे जंगलाच्या कडेला, दगडधोंड्यांवर आणि बुटक्या झुडपांवर ती पसरलेली असते. मॅक्रोपेटाला उत्तर चीन, मंगोलिया या बाजूची. दोघी साधारण 2 ते 3 मीटर वाढतात, म्हणजे भिंत गिळून टाकणाऱ्या वेली नाहीत या, छोट्या बागेत सहज मावतात. मराठीत आपण जिला मोरवेल म्हणतो ती पण क्लेमॅटिसच, पण तिचा स्वभाव वेगळा आणि हवामानही वेगळं, तेव्हा इथलं सगळं तिला लावू नका.

फूल दिसतं कसं? फोटोत नीट कळत नाही

फोटोत कळतच नाही, कारण फूल खाली मान घालून असतं आणि फोटो बहुतेक वेळा वरून काढलेला असतो. हातात एक फूल घ्या आणि अलगद उलटं करा. बाहेर चार लांबट टोकदार निळ्या पाकळ्या दिसतील, त्या खरं तर पाकळ्या नाहीतच, निदलं आहेत, पण काम पाकळ्यांचंच करतात. त्यांच्या आत पांढुरक्या अरुंद पट्ट्यांचा एक झालरीसारखा घेर असतो, ते म्हणजे पाकळीसारखे झालेले पुंकेसर, आणि त्याच्याही आत मधोमध खरे केसर दाटीने बसलेले. अल्पिनात ही झालर आखूड असते त्यामुळे फूल साधं, चार पाकळ्यांचं वाटतं. मॅक्रोपेटालात तीच झालर लांब आणि बाहेरच्या निदलांच्याच रंगाची होते, म्हणून ते फूल डबल दिसतं, परकराचे घेर एकावर एक घातल्यासारखं. दोघींमधला फरक ओळखायचा सोपा मार्ग हाच, झालर बघा.

म्हणूनच माझं नेहमीचं सांगणं असतं की ही वेल डोळ्याच्या उंचीच्या थोडी वरपर्यंत चढेल अशा जागी लावा, म्हणजे खालून वर बघताना फुलाचं पोट दिसतं. गुडघ्याएवढ्या जाळीवर लावली तर अर्धी मजा गेली.

किती थंडी सोसते?

भरपूर. उणे 20 अंशाला अल्पिनाला काही होत नाही. मॅक्रोपेटालापासून केलेल्या काही जाती तर त्याहून काटक आहेत. फ्रँक स्किनर नावाचे एक गृहस्थ कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात ड्रॉपमोर इथे रोपांवर काम करायचे, त्यांनी ब्लू बर्ड, रोझी ओ'ग्रेडी, व्हाइट स्वान या जाती तयार केल्या, आणि जिथे हिवाळ्यात पारा उणे 30 च्या खाली जातो तिथे तयार झालेल्या रोपाच्या काटकपणाबद्दल वेगळं काय सांगायचं! आजही अतिथंड भागातल्या लोकांनी पहिली क्लेमॅटिस कुठली लावावी असं विचारलं तर मी याच तिघींची नावं घेते.

कळ्या फुगायला लागल्यावर उशिराचा कडक दव-बर्फ पडला तर मात्र त्या कळ्या काळ्या पडू शकतात. वेलीला काही होत नाही, फक्त त्या वर्षीची फुलं कमी होतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर हे जास्त होतं कारण गोठलेल्या कळ्यांवर सकाळचं ऊन एकदम पडतं. दुसरी जागा असेल तर पूर्व टाळा एवढंच.

आणि जिथे थंडीच पडत नाही तिथे?

तिथे नको, स्पष्टच सांगते. या वेलींना हिवाळ्याची झोप लागते म्हणजे लागतेच, आणि उन्हाळ्यात रात्रीसुद्धा उकाडा राहिला की त्या हळूहळू खंगत जातात. एसीच्या खोलीत ठेवून किंवा कुंडीत बर्फाचे खडे टाकून काही होत नाही, असले उपाय मी ऐकलेत म्हणून सांगतेय. डोंगराळ थंड भाग असेल, हिवाळ्यात दव गोठत असेल, तर जरूर करून बघा.

कधी फुलते?

उत्तर गोलार्धात एप्रिल-मे, थंडी लांबली तर मे-जून. दक्षिण गोलार्धात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. बहर तीन-चार आठवडे टिकतो. पुढे उन्हाळ्यात मधूनच दोन-चार फुलं येतात ती बोनस समजा, त्यांच्यावर हिशेब करू नका.

मॉन्टाना पण लवकरच फुलते ना? ती का नको?

नको असं नाही, पण ती वेगळं प्रकरण आहे. मॉन्टाना हिमालयातली, 1831 मध्ये लेडी अ‍ॅमहर्स्ट यांनी ती ब्रिटनमध्ये नेली, आणि तिथल्या बागांमध्ये तिने जे बस्तान बसवलं ते आजतागायत. अल्पिनानंतर थोड्याच दिवसांत फुलते, फुलं वर तोंड करून असतात, पांढरी नाहीतर गुलाबी, काही जातींना छान वास. पण ती 8-10 मीटर जाते हो! शेड, गॅरेज, जुनं झाड, सगळं झाकते. आणि थंडीही अल्पिनाइतकी सोसत नाही. मोठी भिंत झाकायची असेल तर मॉन्टाना, दाराशेजारी किंवा छोट्या कमानीवर हवी असेल तर अल्पिना.

ऊन किती लागतं? माझ्याकडे फक्त उत्तरेची भिंत आहे

उत्तर गोलार्धात उत्तरेची भिंत म्हणजे बाकी बऱ्याच वेलींसाठी नापास जागा, पण अल्पिना तिथे फुलते. दिवसातून तीन-चार तास ऊन किंवा दिवसभर उघडा उजेड असला तरी भागतं, पूर्ण उन्हात फुलं जास्त येतात हे खरं. डोकं उन्हात आणि पाय सावलीत हे क्लेमॅटिसबद्दल सगळे सांगतात ते बरोबरच आहे, मुळांशी जमीन तापू द्यायची नाही. त्यासाठी बुडाशी एखादं बुटकं झुडूप लावा, सपाट दगड मांडा किंवा पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा, काहीही चालेल. दगड ठेवलेत तर खाली गोगलगायी बसतात, तेवढं अधूनमधून उचलून बघत जा.

माती कशी हवी?

पाण्याचा निचरा, निचरा आणि निचरा. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसची मुळं जाड, दोरीसारखी असतात, या गटाची मुळं बारीक आणि केसाळ असतात, एकदा रोप कुंडीतून काढून बघा म्हणजे लगेच लक्षात येईल. असली बारीक मुळं हिवाळ्यात पाण्यात बुडून राहिली की कुजतात. मी आजवर ज्या अल्पिना मेलेल्या पाहिल्या त्यातल्या जवळपास सगळ्या थंडीने नाही तर हिवाळ्यातल्या ओल्या, चिकट मातीने मेल्या. डोंगरातली वेल आहे ही, दगडांच्या फटीतून पाणी वाहून जाणं तिच्या सवयीचं आहे.

तर चिकण माती असेल तर खड्ड्यात नुसती वाळू ओतू नका, त्याने खड्ड्याची बादली होते आणि पाणी आणखी साचतं. त्यापेक्षा आजूबाजूची बरीच जागा खणून त्यात भरपूर पालाखत आणि बारीक खडी मिसळा किंवा सरळ जमिनीपासून वीत-दीड वीत उंच वाफा करून त्यात लावा. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 7 च्या आसपास किंवा थोडा जास्त असला तरी चालतो, चुनखडीची जमीन हिला आवडते, किंचित आम्ल असली तरी तक्रार नसते. सामूवरून रात्रीची झोप घालवू नका, निचऱ्यावरून घालवा.

लावायची कशी? खोल लावायची ना?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोठ्या फुलांची क्लेमॅटिस 5-8 सेंटीमीटर खोल लावतात कारण तिला मर रोग, म्हणजे वेल अचानक सुकवणारा बुरशीचा रोग, लागला तर मातीखालच्या डोळ्यांमधून ती पुन्हा फुटावी. अल्पिना-मॅक्रोपेटालाला मर सहसा लागत नाही आणि तिचा बुंधा ओल्या मातीत पुरला की उलट कुजायची भीती, म्हणून कुंडीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवायची. रोपाच्या पिशवीवर "खोल लावा" छापलेलं असलं तरी ते सरसकट सगळ्या क्लेमॅटिससाठी छापलेलं असतं.

बाकी पद्धत अशी. खड्डा साधारण दीड फूट लांब-रुंद-खोल. भिंतीपासून निदान एक फूट लांब, कारण भिंतीच्या अगदी बुडाशी पाऊस पोचतच नाही, माती कोरडी ठणठणीत असते. रोप लावायच्या आधी कुंडीसकट बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा. लावताना भिंतीकडे कललेलं लावा, सोबत जी काठी आलेली असेल ती काढायची घाई करू नका कारण कोवळं खोड फार ठिसूळ असतं, जरा वाकवलं की कट्टकन मोडतं. लावून झालं की भरपूर पाणी. शरद ऋतूत किंवा वसंताच्या सुरुवातीला लावणं उत्तम, पण माती गोठलेली नसेल आणि कडक उन्हाळा नसेल तर कुंडीतलं रोप कधीही लावता येतं.

कशावर चढते? मी मोठा लोखंडी खांब लावलाय पण वेल चढतच नाहीये

चढणार नाहीच ती. क्लेमॅटिसला वेगळे ताणे नसतात, द्राक्षासारखे किंवा काकडीसारखे, ती पानाच्या देठाने पकडते. एखादा देठ काडीला टेकलेला जवळून बघा, दोन-तीन दिवसांत तो काडीभोवती एक पूर्ण वेढा घेतो, आणि एकदा वाळला की तारेसारखा घट्ट होतो, सोडवायला गेलात तर तुटतो पण सुटत नाही. आता हा देठ केवढासा, तो पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वस्तूला वेढा घालेल, मनगटाएवढ्या खांबाला कसा घालणार? खांबाभोवती कोंबड्यांची जाळी गुंडाळा किंवा वरपासून खालपर्यंत सुतळी ओढा, आठवड्याभरात फरक दिसेल.

सुरुवातीला कोंब तुम्हीच पसरवून द्या, पंख्यासारखे आडवे-तिरपे, आणि सैल बांधा. नाहीतर सगळी वेल एका दोरीसारखी सरळ वर जाते आणि वरच्या टोकाला गुंता होऊन बसतो, खाली नुसत्या काड्या. आडव्या फांद्यांवर फुलंही जास्त येतात.

पाणी आणि खत?

पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा बुडाशी सावकाश बादलीभर, म्हणजे 10 लिटर. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, पाणी खाली गेलं की मुळं खाली जातात. दुसऱ्या वर्षापासून अगदीच पाऊस नसेल तर. उन्हाळ्याच्या शेवटी खालची पानं तपकिरी पडायला लागली तर बहुतेक वेळा तो कोरडेपणाच असतो, रोग समजून फवारण्या करू नका.

खत वसंतात एकदा, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन-तीन घमेली बुडाभोवती, खोडाला चिकटू न देता. नत्राचं खत ओतलंत तर पानंच पानं येतील आणि फुलं रुसतील. पोटॅश असलेलं एखादं खत कळ्या दिसायच्या आधी दिलं तर चालतं. डोंगरातल्या गरीब मातीतून आलेली वेल आहे, हिला खाऊ घालून घालून आजारी पाडू नका.

छाटणी कधी करायची?

फुलं संपल्यावर लगेच. हिवाळ्यात नाही. कधीच नाही.

हे एवढं ठासून का सांगते ते समजून घ्या. या वेलीची वसंतातली फुलं गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात. म्हणजे आत्ता उन्हाळ्यात जी नवी फांदी वाढतेय, तिच्या प्रत्येक पेरावर, पानाच्या बगलेत, समोरासमोर दोन डोळे तयार होतात आणि पुढच्या वसंतातली फुलं त्या डोळ्यांत आधीच बसलेली असतात, अख्खा हिवाळा. वेल पानं गाळून सुकल्यासारखी दिसते तेव्हा ती फुलं तिथेच असतात. मी पहिली अल्पिना लावली तेव्हा दुसऱ्या हिवाळ्यात तो काड्यांचा गुंता बघवेना म्हणून कात्री घेऊन गुडघ्याएवढी कापून टाकली, बाकीच्या क्लेमॅटिस तशाच कापायच्या असतात असं वाचलेलं. वसंतात वेल अशी जोमाने फुटली, हिरवीगार, दोन मीटर गेली, आणि फूल एक नाही. मला कळेचना काय चुकलं. मग एकदा नीट पेराकडे बघितलं तेव्हा उमगलं की मी फुलंच कापून कंपोस्टमध्ये टाकली होती.

क्लेमॅटिसचे छाटणीसाठी तीन गट करतात, ही गट 1 मधली. गट 3 म्हणजे उशिरा फुलणाऱ्या, त्या हिवाळ्याच्या शेवटी जमिनीपासून फूटभरावर कापायच्या, गट 2 त्या दोन्हींच्या मधल्या. रोप घेताना गट कुठला ते विचाराच, आणि चिठ्ठी हरवायच्या आत कुठेतरी लिहून ठेवा.

गट 1 ला दर वर्षी छाटायची गरजच नाही. फुलं गेली की मेलेल्या, मोडलेल्या काड्या काढा, जिथे पसारा जास्त झाला तिथे थोडं आटोक्यात आणा, बस. वेल म्हातारी होऊन खाली बोडकी झाली असेल तर फुलं संपल्या संपल्या सगळी फूटभर उंचीवर कापता येते, पाणी-कंपोस्ट द्यायचं, उरलेल्या उन्हाळ्यात नवीन फांद्या येतात आणि पुढच्या वसंतात फुलं. असं चार-पाच वर्षांतून एकदा, दर वर्षी नाही. मॉन्टानाला मात्र जुन्या जाड खोडापर्यंत कापू नका, ती बऱ्याचदा परत फुटतच नाही.

लावल्यानंतर पहिल्या वसंतात, फुलं आली तर ती गेल्यावर, शेंडे एखाद-दोन पेरं खुडून टाका म्हणजे बुडातून जास्त फुटवे येतील.

हिवाळ्यात माझी वेल मेली. काढून टाकू का?

थांबा. दर हिवाळ्यात हाच निरोप येतो. या वेलीचं खोड जिवंत असतानाही तपकिरी, साल सुटलेलं, वाळक्या काडीसारखं दिसतं, नखाने खरवडायला गेलात तर तीच काडी मोडून हातात येते. त्यापेक्षा पेरं बघा. पेराच्या दोन्ही बाजूंना टपोरे, हिरवट-तपकिरी डोळे दिसले तर ती झोपलीय, बाकी काही नाही. डोळे चपटे, काळे आणि बोटाने दाबल्यावर भुगा होणारे असतील तर ती फांदी गेली, पण तेवढी फांदीच. पूर्ण वसंत संपेपर्यंत बुडातून काहीच फुटलं नाही तरच उपटा.

पान भरपूर, फूल नाही. काय चुकतंय?

आधी वर छाटणीचं वाचा, दहातल्या आठ जणांचं उत्तर तिथेच आहे. कधी कधी आपण कापलेलं नसतं, पण घरातलं दुसरं कोणीतरी किंवा माळी "साफसफाई" करून गेलेला असतो, तेही विचारून बघा. नसेल तसं तर नत्र जास्त झालंय का, किंवा जागा फारच अंधारी आहे का. रोप नवीन असेल तर फक्त धीर धरा, पहिल्या वर्षी ती मुळं करते, दुसऱ्या वर्षी थोडी फुलं आणि तिसऱ्या वर्षी खरा बहर.

कुंडीत जमेल?

जमेल, आणि क्लेमॅटिसमध्ये कुंडीला सगळ्यात योग्य कोणी असेल तर हाच गट, आटोपशीर असतो म्हणून. कुंडी निदान 45 सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच खोल. मातीत खडी किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) सढळ हाताने मिसळा, भोकं बंद होणार नाहीत असं बघा, कुंडी विटांवर उचलून ठेवा. अतिथंड भागात कुंडीतली मुळं चारही बाजूंनी गोठतात, जमिनीत जी वेल उणे 30 सोसते ती कुंडीत सोसेलच असं नाही, तेव्हा हिवाळ्यात कुंडीला गोणपाट गुंडाळा किंवा आडोशाला न्या. घरात आणू नका पण, झोपमोड होते.

दुसऱ्या झाडावर सोडली तर?

सुंदर दिसते, जंगलात ती तशीच वाढते. फक्त ज्या झाडाला हिवाळ्यात कापावं लागतं, उदाहरणार्थ बरेचसे गुलाब, त्याच्यावर नको, कारण गुलाब कापताना वेलही कापली जाते आणि मग फुलं गेली. एखादं सदाहरित झुडूप किंवा जुनं सफरचंदाचं झाड असलं की छान. झाडाच्या बुंध्याशी लावू नका, फांद्यांचा घेर संपतो तिथे लावा आणि काठीने किंवा दोरीने आत वळवा.

कुठली जात घेऊ?

निळी हवी असेल तर फ्रान्सेस रिव्हिस, डोळे मिटून. लांब, किंचित पीळ पडलेल्या निळ्या पाकळ्या आणि आत पांढरी झालर. गडद जांभळी हवी तर हेल्सिंगबोर्ग, स्वीडनमधली. गडद गुलाबीत कॉन्स्टन्स, फिकट गुलाबीत विली. मॅक्रोपेटालात मार्कहॅम्स पिंक जुनी आणि भरवशाची, निळ्यात लगून. पांढरी डबल हवी तर अल्बिना प्लेना, तिन्हीसांजेला मागच्या दारी ती नुसती उजळून निघते. पिवळी आवडत असेल तर लेमन बेल्स बघा, कोरियातल्या चीसानेन्सिस या भावंडापासून आलेली आहे, फुलाच्या देठाकडे जांभळट छटा असते.

रोप घेताना फुलापेक्षा बूड बघा. एकाच काडीवर चार फुलं असलेल्या रोपापेक्षा बुडातून तीन काड्या फुटलेलं, बिनफुलाचं रोप कधीही चांगलं.

रोग, किडी?

ज्या मर रोगाने मोठ्या फुलांची वेल एका दिवसात माना टाकते तो कॅलोफोमा क्लेमॅटिडिना नावाच्या बुरशीमुळे होतो आणि या गटाला तो क्वचितच लागतो. तुमची अल्पिना अचानक सुकली तर आधी खोड मोडलंय का, बुडाशी उंदराने कुरतडलंय का आणि मुळात पाणी साचलंय का हे बघा.

खरा शत्रू गोगलगाय. वसंतात मातीतून वर येणारे कोवळे कोंब एका रात्रीत फस्त करते, आणि सकाळी आपल्याला वाटतं की कोंब फुटलेच नव्हते. पहिली दोन वर्षं रात्री टॉर्च घेऊन वेचून काढा, कोंब हातभर वाढले की मग तिला भ्यायचं कारण नाही. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. भुरी बहुतेक तेव्हाच येते जेव्हा वर गुंता आणि खाली कोरडं असं होतं.

रोपं कशी वाढवायची?

सगळ्यात सोपं दाब कलम. वसंतात एक लांब फांदी जमिनीवर आणा, एखादं पेर मातीत दोन बोटं पुरा, वर दगड ठेवा आणि वर्षभर विसरून जा. मग मुळं धरलेली असतात, कापून वेगळी करा. छाट कलम करायचं तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पण लवचिक फांदी घ्या, आणि क्लेमॅटिसची काडी पेराच्या खाली नाही तर दोन पेरांच्या मध्ये कापतात हे लक्षात ठेवा, वर एक पेर, खाली नुसती दांडी. दोन पानांतलं एक काढून टाका. बियांपासूनही होते, पण बी थंडीत राहावं लागतं, उगवायला कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं आणि आईसारखंच फूल येईल याची खात्री नाही. नवीन काहीतरी मिळण्याची हौस असेल तर जरूर पेरा, हेल्सिंगबोर्ग हवी म्हणून हेल्सिंगबोर्गचं बी पेरू नका.

विषारी आहे का? घरात मांजर आणि लहान मूल आहे

पोटात जाऊ द्यायची नाही. पान-खोड चुरगळलं की त्यात प्रोटोअ‍ॅनिमोनिन नावाचं तिखट रसायन तयार होतं, तोंडाला आणि पोटाला त्रास देतं, काहींच्या त्वचेवर पुरळ येतं. चव इतकी झणझणीत असते की सहसा कोणी दुसरा घास घेत नाही. छाटणी करताना हातमोजे घाला, कापलेल्या काड्या मुलं-जनावरं तोंडात घालतील अशा ठेवू नका.

फुलं गेल्यावर वाळकी बोंडं खुडून टाकायची का?

नका ना खुडू! ती बोंडं म्हणजे बियांचे गोंडे. प्रत्येक बीला एक लांब रेशमी शेपूट असतं आणि सगळी मिळून वळलेल्या पांढुरक्या केसांची गुंडी होते. आधी हिरवट, चकचकीत आणि ओल्या रेशमासारखी असते, मग उन्हाळा सरता सरता मोकळी होत जाते आणि थंडीच्या तोंडावर अगदी कापसासारखी फुलते. माझ्या मागच्या दाराच्या जाळीवर शरदात सकाळी दव पडलं की एकेका केसावर थेंब असतात, आणि ऊन तिरपं आलं की पानं झडलेली ती वेल पुन्हा फुललीय असं वाटतं. वारा सुटला की एकेक बी शेपटासकट उडून जातं, मग जाळीवर नुसत्या काड्या राहतात, आणि पेरापेरावर ते दोन दोन डोळे.